टकमक टोकावरून खाली पाहताना : कडेलोट, फाशी आणि आपला किनारा

सावित्रीकाठ

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

गेल्या रविवारी पुतण्याच्या मुलांना घेऊन रायगडावर गेलो होतो. गुडघ्यांमुळे आता पायऱ्या होत नाहीत, म्हणून हिरकणीवाडीहून रोपवेने. बाजारपेठ, राजसदर, जगदीश्वर, समाधी असं सगळं करून शेवटी टकमक टोकाकडे वळलो. वाट निमुळती होत जाते, वारा अंगावर येतो आणि माणसं आपोआप गप्प होतात. आमच्या पुढे कॉलेजची पोरं होती. त्यांतल्या एकाने एक खडा खाली सोडला आणि सगळे कान देऊन उभे राहिले. आवाज आलाच नाही. गाइड सांगत होता, इथून गुन्हेगारांचा कडेलोट करायचे. पोरं फोटो काढायला लागली आणि मला तिथे उभं राहवेना.

त्याचं कारण सांगतो. मी कोर्टात लघुलेखक होतो. एकतीस वर्षं नोकरी झाली, सगळी कोकणातच. कोर्टाचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. एवढ्या वर्षांत फाशीचा निकाल मी एकदाच टाइप केला. एका घरातल्या दोघांच्या खुनाचा खटला होता. साहेबांनी शेवटचा परिच्छेद चेंबरमध्ये दार लावून सांगितला. तोवर भराभर सांगणारे साहेब त्या परिच्छेदाला प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. मी मशीनवर चार कार्बन लावून बसलो आणि आरोपीच्या नावात एक अक्षर चुकलो. एरवी मी त्यावर दुरुस्ती करून पुढे गेलो असतो. त्या दिवशी पान काढून टाकलं, नवे कागद आणि नवे कार्बन घातले आणि अख्खं पान पुन्हा टाइप केलं.

सही झाल्यावर साहेबांनी पेनाची निब टेबलाच्या काठावर दाबून मोडली. ही चाल मी ऐकून होतो, पाहिली तेव्हाच. शिपायाने तो तुकडा उचलून कागदाच्या पुडीत बांधला आणि खिशात ठेवला. टेबलावर नको म्हणाला.

आपण फाशीवर बोलतो तेव्हा बोलणं बहुतेक पद्धतीवर येऊन थांबतं. कडेलोट क्रूर, हत्तीचा पाय क्रूर, तोफ क्रूर, मग फाशी त्यातल्या त्यात बरी, आणि इंजेक्शन आलं तर आणखी बरं. प्रत्येक काळाने आपली पद्धत आधीच्यापेक्षा सुधारलेली मानली. मला वाटतं, या सुधारणांच्या नादात खरा प्रश्न मागे पडतो. मी ते पान बदलू शकलो. ज्याच्यावर शिक्षा एकदा बजावली, त्याचं काय बदलणार?

आपल्या किनाऱ्यावर या शिक्षेचा इतिहास पावलोपावली आहे. ज्याला जे ठाऊक असेल त्याने लिहावं. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

—

परळी_पाली

काका, लेख वाचून शहारे आले. मी सुधागडाच्या पायथ्याचा, त्यामुळे आमच्याकडची गोष्ट सांगतो.

१६८१ साली संभाजी महाराजांविरुद्ध कट उघडकीला आला आणि अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस वगैरे मंडळींना देहान्त शासन झालं. आमच्या परळीच्या परिसरात त्यांना हत्तीच्या पायी दिलं, असं इतिहासात सांगितलं जातं. हे साधेसुधे लोक नव्हते. अण्णाजी दत्तोंनी थोरल्या महाराजांच्या काळात जमीनमहसुलाची घडी बसवली होती, बाळाजी आवजी तर महाराजांच्या दप्तराचे चिटणीस. बाळाजींबद्दल राजांना पुढे पश्चात्ताप झाला असं परंपरा सांगते. त्याच बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ नंतर संभाजी राजांच्या आणि राजारामांच्या सेवेत जिवावर उदार होऊन राहिला. लहानपणी आजोबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला त्या मुलाचंच नवल वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि मग १६८९. १ फेब्रुवारीला राजे आपल्याच संगमेश्वरात पकडले गेले आणि ११ मार्चला औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारलं. त्यामागे शिक्षेपेक्षा दहशतीचा हेतू मोठा होता, मराठ्यांनी पुन्हा मान वर करू नये हा. झालं उलटंच. १७०७ मध्ये बादशहा दख्खनमध्येच मेला, तोवर मराठे लढत राहिले. देहदंडाने जरब बसते असं म्हणणाऱ्यांनी या अठरा वर्षांकडे एकदा नीट पाहावं.

पेशवाईबद्दलही लिहितो, कारण तिथे पद्धतीबरोबर जातही येते. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात जुन्या शिक्षांची नोंद आहे. फाशी, शिरच्छेद, तोफेच्या तोंडी देणं, मेखसूने, म्हणजे लाकडी मोगरीने, डोकं फोडणं. बायकांना सहसा देहदंड नसे. ब्राह्मण कैद्याला उघड मारायचं नाही असा दंडक होता, पण त्याला किल्ल्यावर ठेवून निम्मं पीठ आणि निम्मं मीठ अशी भाकर खायला घालत आणि माणूस हळूहळू संपे. हातावर रक्त नको म्हणून मिठाची भाकर. मला तर ही सगळ्यांत भयंकर वाटते.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही. रामशास्त्री पद सोडून निघून गेले, दादांना मात्र कोणी हात लावला नाही.

—

आरोंदा_तर

काकानु, आमच्याकडची गोष्ट आयका. माजो गाव तेरेखोलच्या काठार. माजी आजी म्हणायची, "खून करून तरीत बसलो तर माणूस वाचता, नाय बसलो तर लटाकता." लहानपणी माका ह्या काय ता कळला नाय. मोठेपणी वाचल्यार कळला.

प्रमाण मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० ला सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. जुन्या गोव्यात मिरवणूक काढून, चौकात शिक्षा वाचून दाखवून माणसं खांबाला बांधून जाळली गेली. त्याच पोर्तुगालने १८६७ साली साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली. युरोपात हे करणाऱ्या पहिल्या काही देशांत तो होता. १८७० मध्ये हाच कायदा वसाहतींना लागू झाला, त्यात आपला शेजारचा गोवाही आला.

म्हणजे बघा, पाण्याच्या या अंगाला वेंगुर्ला, ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे १८६० चा दंडविधान, खुनाला फाशी. पलीकडे पेडण्यात तोच गुन्हा केला तर फाशी नाही. (तेरेखोलचा किल्ला मात्र उत्तरेच्या काठावर असूनही पोर्तुगीजांचाच होता, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) १९६१ ला गोवा मुक्त झाला, भारताचा कायदा आला आणि त्याबरोबर फाशीही आली. मुक्तीचा मला अभिमानच आहे, आमच्या गावातून सत्याग्रही गेले होते. पण नव्वद वर्षं जिथे फाशी नव्हती तिथे ती स्वातंत्र्याबरोबर आली, ही गोष्ट विसरू नये असं वाटतं.

पोर्तुगीज दयाळू होते असा अर्थ कोणी काढू नका. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर त्यांनी गोळ्या झाडल्या. ज्या राज्याच्या कायद्यात फाशी नव्हती त्याने वीसहून अधिक माणसं एका दिवसात मारली. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी गाडी थांबवल्याशिवाय माझा बाप कधी पुढे गेला नाय.

—

गलबत

मी चाळीस वर्षं बोटीवर काढली, त्यामुळे दोर हा माझा विषय. कोकणातला माणूस सुंभावर आणि काथ्यावर वाढलेला. दोराला वजन किती, झटका किती, हे आम्हाला हाताने कळतं.

फाशीचा दोर मी पाहिलेला नाही. पण त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा अंगावर आलं, कारण ती भाषा आमचीच होती. आपल्या देशात हा दोर बिहारच्या बक्सर तुरुंगात वळतात. त्याला मनिला दोर म्हणतात, आमच्या बोटींवर असायचा त्याच नावाचा. आणि तो वळणारे कैदीच असतात. फाशीच्या आधी कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूचं पोतं बांधून दोराची परीक्षा घेतात. नांगराच्या दोराची परीक्षा आम्ही अशीच करत असू.

जुन्या काळी फाशी म्हणजे नुसता गळफास होता आणि माणूस कितीतरी वेळ तडफडायचा. इंग्लंडमध्ये १८७२ पासून विल्यम मारवुड नावाच्या जल्लादाने पद्धत बदलली. माणसाच्या वजनाप्रमाणे दोराची लांबी ठरवायची, म्हणजे मान मोडून मरण लवकर येतं. त्याआधी हॉटन नावाच्या आयरिश डॉक्टरने याचं गणित मांडलं होतं. पुढे सरकारने समिती नेमली, तक्ते छापले. तेच शास्त्र इंग्रजांबरोबर आपल्या तुरुंगांत आलं.

फ्रान्समध्ये गिलोटिन १७९२ साली आलं, तेही दयेच्याच नावाने. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच, झटपट मरण. ते १९७७ पर्यंत चाललं. अमेरिकेत १८९० ला विजेची खुर्ची आली. पहिल्याच माणसाला दोनदा वीज द्यावी लागली. १९८२ ला इंजेक्शन, २०२४ ला अलाबामात नायट्रोजन. दर वेळी हेच सांगितलं गेलं की आता यातना नाहीत.

सावित्रीकाठ काकांचं म्हणणं मला पटतं ते इथे. आम्ही दोर घासून, तेल लावून, पोतं बांधून तपासायचो ते माणूस वाचावा म्हणून.

—

श्रीवर्धनची_लेक

सगळ्यांचं वाचलं. मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

१९९३ च्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, त्याच्या आधी जानेवारीत दिघीला माल उतरला होता. १२ मार्चला मुंबईत बॉम्ब फुटले. २५७ माणसं गेली. त्यांत माझा मामा होता. वरळीला सेंच्युरी बाजारजवळ बसची वाट बघत उभा होता, एवढंच आम्हाला नंतर कळलं. शुक्रवार होता. शनिवारी तो गावी येणार होता आणि आजीने त्याच्यासाठी सोड्याची आमटी करायची म्हणून सोडे भिजवायला काढून ठेवले होते. ते सोडे कितीतरी दिवस कोणी हलवले नाहीत.

ज्या वाळूत आम्ही खेळलो तिथून ते सामान गेलं, ही लाज आमच्या तालुक्याने किती वर्षं वागवली ते बाहेरच्यांना कळणार नाही. मुंबईत कुठून आलात विचारलं तर आम्ही शेखाडीचं नाव घ्यायचं टाळायचो.

३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला नागपूरला फाशी झाली. त्याच्या आदल्या रात्री सुप्रीम कोर्ट पहाटे तीननंतर उघडून बसलं, शेवटचा अर्ज ऐकायला. मी जागीच होते. आजी तोवर गेली होती. आईने सकाळी देवापाशी दिवा लावला आणि काहीच बोलली नाही. मला आनंद झाला का? नाही. पण बावीस वर्षं दारात उभं असलेलं काहीतरी निघून गेलं असं वाटलं. कसाबच्या वेळी, २१ नोव्हेंबर २०१२ ला, येरवड्याची बातमी आली तेव्हाही तसंच. तोही समुद्रातूनच आला होता.

दोर कसला, इंजेक्शन कसलं, याच्याशी मला देणंघेणं नाही. पण ज्याने ठरवून, महिनोन्‌महिने तयारी करून माणसं मारली त्याला तुम्ही जन्मभर पोसा म्हणता, तेव्हा माझ्या मामाच्या जिवाची किंमत काय धरता, एवढं मला कोणीतरी सांगा.

—

खाडीपूल

श्रीवर्धनच्या ताई, तुमच्यापुढे बोलायला शब्द नाहीत.

मी ठाण्याचा, फक्त एक नोंद करतो. आमचं कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला जुना किल्ला. १९ एप्रिल १९१० ला तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारलं म्हणून. अनंत आपल्या खेड तालुक्यातल्या आयनीचा, वय अवघं अठरा. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. शाळेत असताना दरवर्षी त्या भिंतीजवळून प्रभातफेरी जायची. त्या काळच्या सरकारच्या लेखी तो खुनी होता, आमच्या लेखी हुतात्मा.

—

गुहागर_वकील

ताईंचा प्रश्न टाळून कायद्यावर बोलणं बरोबर नाही, म्हणून आधी तेच. जिवाची किंमत कायद्याला लावता येत नाही. फाशी देऊनही लागत नाही आणि न देऊनही लागत नाही. तुमची आई काहीच बोलली नाही, मला वाटतं त्या मौनात हेच होतं. चुकत असेन तर क्षमा करा.

आता थोडं कायद्याचं. १९५५ पर्यंत आपल्याकडे खुनाला फाशी हाच नियम होता आणि न्यायाधीशाने जन्मठेप दिली तर त्याला कारण लिहावं लागे. ती अट १९५५ ला गेली. १९७३ च्या संहितेने गोष्ट उलटी केली, फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहा. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिलं. फाशीची पद्धत क्रूर नाही असा निकाल १९८३ चा. विधी आयोगाने २००३ मध्ये इंजेक्शनचा पर्याय सुचवला आणि २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशीच बंद करा असं सांगितलं. ताई, तुमच्या मामाचं प्रकरण त्या वगळलेल्यांतच येतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. गावोगावी लोक "लगेच लटकवा" म्हणतात तेव्हा ही चाळणी कशासाठी आहे ते सांगायला हवं. आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. २००३ च्या एका भयंकर गुन्ह्यात सहा जणांना दोषी धरलं. भटक्या जमातीतली गरीब माणसं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांची फाशी पक्की केली, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने. नंतर प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. मधल्या काळात फाशी होऊन गेली असती तर ते पाच लाख कोणाच्या हातावर ठेवले असते?

आणखी एक. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्या मंडणगड तालुक्यातलं. ३ जून १९४९ ला घटना समितीत चर्चा चालली होती, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सुप्रीम कोर्टाकडे अपील असावं का याची. त्यावर बोलताना ते म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. अहिंसा हा या देशाने मानलेला धर्म आहे, असं कारणही त्यांनी दिलं. आंबडव्याला स्मारक बघायला आपण जातो, तेव्हा हेही मुलांना सांगायला हवं.

—

श्रीवर्धनची_लेक

वकीलसाहेब, त्या सहा जणांचं मला माहीत नव्हतं. माझं मत बदललं असं म्हणणार नाही, पण आज रात्री झोप येणार नाही.

—

सावित्रीकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. नाहीतर हा धागा एकाच बाजूचा झाला असता आणि मला ते नको होतं. माझ्या खटल्यातही तुमच्यासारखं माणूस होतं. ते पहिल्या लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या ओटीवर दोन बाकं होती. एकावर गेलेल्यांचा बाप बसला होता, दुसऱ्यावर आरोपीची आई. दोघं एकाच वाडीतले, सकाळी एकाच एसटीने आले होते. निकाल ऐकून बाप उठला, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हात जोडले आणि निघून गेला. त्याच्या तोंडावर समाधान होतं का, मला सांगता येणार नाही. शिपाई त्याला पाणी द्यायला धावला, तर तो न घेताच पायऱ्या उतरला.

आई बसून राहिली. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ती माझ्या टेबलापाशी आली. आरोपीला निकालाची नक्कल फुकट मिळते, त्यातली एक तिच्या हातात कोणीतरी दिली होती. वाचता येत नव्हतं तिला. म्हणाली, "भाऊ, ह्येच्यात तसं लिव्हलंय ती वळ कुठली?" मी शेवटून दुसरं पान उघडून दिलं. तिने ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "आन् त्याचं नाव?" मी तिचं बोट धरून थोडं डावीकडे सरकवलं. तेच पान होतं, दोनदा टाइप केलेलं.

पुढे उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. आदेश आमच्याकडे टपालाने आला, आवकच्या रजिस्टरला मीच चढवला. जेवणाच्या सुट्टीत तिच्या वाडीकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला गाठून निरोप दिला. म्हटलं, दोन्ही घरी सांग. तो म्हणाला, आईला सांगतो, पण त्या बापाला तुम्ही येऊन सांगा, माझ्याने व्हायचं नाही.

रविवारी सकाळी मीच गेलो. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. ऐकून घेतलं, मान हलवली आणि घरात वळून सुनेला म्हणाला, पाव्हण्यांना चहा टाक.